सुमित्रा भावे: एवढ्या सिनेमांना पैसे दिले कोणी?

निवांत_प्रेक्षक

सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ ला गेल्या. तेव्हा जे लेख आले त्यांतल्या बहुतेकांत 'संवेदनशील दिग्दर्शिका' हेच फिरवून फिरवून लिहिलं होतं. असतील संवेदनशील, वाद नाही. मला जास्त कुतूहल आहे ते त्यांच्या जमाखर्चाच्या वहीचं. साडेतीन दशकांत सुनील सुकथनकरांच्या जोडीने बाईंनी डझनाहून जास्त मोठे चित्रपट केले, लघुपट तर पन्नासाच्या वर. तिकीटबारीवर गर्दी उसळली असा त्यांतला एकही आठवत नाही. तरी पुढचा सिनेमा होतच राहिला. पैसे कोण देत होतं, आणि का?

थोडी पार्श्वभूमी. जन्म पुण्यात, १२ जानेवारी १९४३. फर्ग्युसन, मग पुणे विद्यापीठातून एम. ए., पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेत ग्रामीण कल्याणाचा अभ्यासक्रम. कर्वे समाज सेवा संस्थेत बरीच वर्षं शिकवलं, मध्यंतरी दिल्लीला आकाशवाणीवर बातम्या वाचल्या. सिनेमाचं शिक्षण काहीच नाही. 'स्त्रीवाणी' नावाच्या संशोधन प्रकल्पात झोपडपट्टीतल्या बायकांच्या कहाण्या गोळा करताना त्यांना एक गोष्ट खटकली: ज्या बाईने आपलं अख्खं आयुष्य आपल्याला सांगितलं, तिला हा अहवाल वाचताच येणार नाही. म्हणून मग १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट. वय ४२. त्याला कुटुंबकल्याण विषयातला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि एक समाजशास्त्रज्ञ कायमची सिनेमात शिरली. मग 'पाणी' (१९८७), 'चाकोरी' (१९९२). सुकथनकर सुरुवातीपासून बरोबर होतेच, त्यांनी नंतर एफटीआयआयमध्ये (पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये) दिग्दर्शनाचं रीतसर शिक्षण घेतलं. संस्थेचं नाव 'विचित्र निर्मिती', हेही मला फार आवडतं.

आता पैशांचा प्रवास बघा. पहिले लघुपट सामाजिक कामाच्या ओघात झाले. 'दोघी' (१९९५) एनएफडीसी (केंद्र सरकारचं चित्रपट विकास महामंडळ) आणि दूरदर्शनच्या पैशांतून. 'देवराई' (२००४) स्किझोफ्रेनियावर, त्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी आणि ह्या आजारासंबंधी काम करणारी मंडळी. 'नितळ' (२००६) अंगावरच्या पांढऱ्या डागांवर, तिथे श्वेता असोसिएशनच्या डॉ. माया तुळपुळे. 'संहिता'ला मुक्ता आर्ट्स, म्हणजे चक्क मुंबईचं मोठं बॅनर. 'अस्तु', 'कासव' आणि 'दिठी'च्या मागे डॉ. मोहन आगाशे उभे राहिले.

माझं म्हणणं असं की बाईंनी प्रेक्षकाच्या आधी गरजू शोधला. ज्याला तो प्रश्न छळतोय त्याच्याकडूनच पैसे घेतले. त्यामुळे कथा कोणती हे निम्मं तिथेच ठरलं. हे बळ होतं की बेडी, ह्यावर इथल्या जाणत्यांचं काय मत?

रीळवाला

धागा आवडला. हिशेबात एक भर: 'दोघी'च्या वेळी एनएफडीसीचा तो काळ संपत आला होता. १९८० च्या दशकात समांतर सिनेमावाल्यांना निदान एक दार ठोठावता यायचं. नव्वदनंतर वाहिन्या आल्या, दूरदर्शनचा प्रेक्षक पांगला, आणि असल्या सिनेमांना पैसे देणारं सरकारी खातं जवळजवळ आटलं. त्या पिढीतले कितीतरी दिग्दर्शक तिथेच थांबले किंवा मालिकांकडे वळले. भावे-सुकथनकर थांबले नाहीत, कारण त्यांच्याकडे दुसरी वाट आधीपासून होती. समाजकार्यातल्या माणसाला देणगी मागायची लाज नसते. सिनेमावाल्याला असते.

'वास्तुपुरुष' (२००२) तुझ्या यादीत नाही. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे, आणि कुठल्याही आजाराचं, संस्थेचं त्याला लेबल नाही. पडझड झालेला वाडा, गुप्तधन सापडेल म्हणून जमीन खणणारा काका, आणि ह्या सगळ्यातून पोराला डॉक्टर करायचं ठरवून बसलेली आई. माझ्या मते त्यांचा सर्वोत्तम.

खडूस_काका

मी विरुद्ध बाजूने बोलतो, कुणाला तरी बोललंच पाहिजे.

ह्यांचे सिनेमे बघताना मला कायम वाटतं की आपण एखाद्या चांगल्या व्याख्यानमालेला आलोय. प्रत्येकात एक समंजस माणूस असतो जो योग्य वेळी योग्य वाक्य बोलतो. 'दहावी फ'मधले देशमुख सर, 'कासव'मधले दत्ताभाऊ. आणि प्रत्येकात एक गरीब, निर्मळ मनाची व्यक्ती असते जी सुशिक्षितांना जगायचं कसं ते शिकवते. 'अस्तु'मधली हत्तीवाल्याची बायको घ्या. गरीब माणूस कधी खडूस, लबाड, नुसताच कंटाळलेला का नसतो हो? पैसे संस्थेचे असले की पात्रांनाही संस्थेच्या बैठकीत बसल्यासारखं वागावं लागतं.

बाईंबद्दल आदर आहेच. पण 'स्वतंत्र' म्हणताना कशापासून स्वतंत्र, हेही विचारा. निर्मात्याच्या दबावापासून सुटल्या आणि विषयाच्या दबावाखाली गेल्या.

सावली

काका, तुमचं म्हणणं कळतं. पण माझी बाजू ऐका.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. निदान व्हायला आम्हाला फार वेळ लागला. मधल्या काळात अंगारे, गंडे, जागा बदला, लग्न करून टाका, सगळं ऐकून झालं. एका डॉक्टरांनी तर दहा मिनिटांत गोळ्या लिहून आम्हाला वाटेला लावलं, आजाराचं नावसुद्धा सांगितलं नाही. 'देवराई' मी पाहिला तो रुग्णांच्या नातेवाइकांच्या एका बैठकीत, सतरंजीवर बसून. पडद्यावर शेष (अतुल कुलकर्णी) होता, पण मी बघत होते सीनाला. त्याची बहीण. सोनाली कुलकर्णी. भावाला घरी आणते तेव्हा तिला नवऱ्याच्या चेहऱ्याकडेही बघावं लागतं, मुलांकडेही, आणि भाऊ पुढच्या क्षणी काय करेल इकडेही. ती हसून बोलते तेव्हासुद्धा तिचं अर्धं लक्ष दुसऱ्या खोलीत असतं. हे मी रोज करत होते आणि ह्याला काही नाव असतं हे मला माहीत नव्हतं.

सिनेमा संपल्यावर तिथल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या ह्यांना आणायला हवं होतं." बस. त्यानंतर सगळे एकदम बोलायला लागले.

व्याख्यानमाला असेल. पण व्याख्यानाला माझे वडील आले नसते. सिनेमाला आले.

पडद्यामागची

मी वेशभूषेत काम करते (ह्यांच्या सिनेमांत नाही, इतर छोट्या मराठी सिनेमांत), म्हणून जरा वेगळं सांगते.

बाई स्वतः लिहायच्या आणि बऱ्याच सिनेमांत कला दिग्दर्शन, वेशभूषाही स्वतःच बघायच्या. लोक ह्याला 'हरहुन्नरी' म्हणतात. मी म्हणेन, त्यात काटकसरही आहे आणि हट्टही. त्यांच्या घरांकडे नीट बघा. 'वास्तुपुरुष'चा वाडा असो की 'कासव'मधलं समुद्राकाठचं घर, भांडी वापरलेली दिसतात. चादरी धुऊन विटलेल्या असतात. आमच्याकडे नवी चादर आणून चहाच्या पाण्यात बुडवतात आणि म्हणतात, झाली जुनी! कॅमेऱ्याला ते लगेच कळतं. कडा नव्याच राहतात, मध्येच डाग. खरी जुनी चादर उसवते ती जिथे गादीखाली खोचतात तिथे. हा तपशील ज्या बाईने वर्षानुवर्षं लोकांच्या घरात बसून मुलाखती घेतल्या तिलाच ठाऊक असणार. पैशांनी तो येत नाही.

दुसरं जरा कडू. छोट्या बजेटच्या सिनेमात 'आपलाच सिनेमा आहे' हे वाक्य फार महाग पडतं. कुणाला? आम्हाला. नट मंडळी मानधन सोडतात तेव्हा बातमी होते, स्पॉटदादाने सोडलं तर त्याच्या घरी चूल पेटत नाही. एका निर्मात्याकडे माझे पैसे अजून अडकलेत, पुरस्कारासोबतचे फोटो मात्र त्याने सगळीकडे लावलेत. भाव्यांच्या युनिटमध्ये असं होतं असं मी अजिबात म्हणत नाही, मी तिथे नव्हते. पण स्वतंत्र सिनेमावर बोलताना पैसे कोणी दिले इतकंच विचारू नका, कोणाला दिले तेही विचारा.

निवांत_प्रेक्षक

@पडद्यामागची, चादरीच्या कडांचं भारी आहे. आता प्रत्येक सिनेमात गादीकडेच बघणार. आणि दुसरा मुद्दा मूळ लेखात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे.

@खडूस_काका, 'विषयाचा दबाव' हे बरोबर पकडलंत. पण 'नितळ' आठवा. विषय पांढरे डाग. पत्रक काढायचं असतं तर त्वचारोगतज्ज्ञ, उपचार, गैरसमज असा सिनेमा झाला असता. प्रत्यक्षात एक तरुण डॉक्टर मुलगी (देविका दफ्तरदार) मित्राच्या घरच्यांना भेटायला येते आणि ते मोठं, सुशिक्षित, मोकळ्या विचारांचं घर हळूहळू उघडं पडतं. डाग तिला आहेत आणि अस्वस्थ बाकीचे सगळे. पैसे देणाऱ्यांचा विषय घेतला आणि कथा दुसऱ्याच माणसांवर उलटवली, हे मला त्यांचं खरं कसब वाटतं.

आडगावकर

आमच्या भागात हे सिनेमे थिएटरला येतच नाहीत त्यामुळे समांतर, स्वतंत्र वगैरे वाद आम्हाला परवडत नाहीत. मी शाळेत शिकवतो. 'दहावी फ' पोरांना वर्गात दाखवला आहे.

काका म्हणतात देशमुख सर आदर्श आहेत. आहेत ना. पण पोरांनी सर बघितलेच नाहीत. त्यांनी बघितली तोडफोड! फ तुकडीची पोरं शाळेत नासधूस करतात त्या प्रसंगाला वर्गात अशी शांतता की विचारू नका. आणि मग ती पोरं नुकसान भरून द्यायला स्वतः कामं करून पैसे जमवतात तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पण अ तुकडीवाल्याला काय शिक्षा?" ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि सिनेमाकडेही पुरतं नाही. तुकड्या गुणांवरून पाडणारी शाळा शेवटी तशीच राहते की.

हा सिनेमा २००२ चा. आमच्याकडे तुकड्यांची नावं बदलली, आता फुलांची नावं आहेत. कोणत्या फुलात कोण बसतं ते पोरांना पहिल्या दिवशीच कळतं.

खडूस_काका

मास्तर, तुमच्या त्या मागच्या बाकावरच्या पोराला माझा नमस्कार सांगा. तोच माझा मुद्दा. भाव्यांच्या सिनेमात माणसं सुधारतात, व्यवस्था तशीच उभी असते.

केतकी_

काका, 'दोघी' पाहिलाय का? तिथे कोण सुधारतं?

गौरीचं लग्न. मांडव पडलाय आणि वऱ्हाडाचा अपघात होऊन नवरामुलगा जातो. बाप अंथरुणाला खिळतो. पोरगी पांढऱ्या पायाची ठरते, मामा तिला मुंबईला घेऊन जातो आणि पुढे काय होतं ते घरी कुणी उघडपणे बोलत नाही. पैसे येत राहतात. चूल पेटत राहते. मग धाकटीच्या, कृष्णाच्या लग्नाला ती गावी येते तेव्हा आई (उत्तरा बावकर) तिला मुलगी म्हणून जवळ घेऊ शकत नाही. तिचे पैसे चालतात, तिचा हात लागलेला चालत नाही. त्या आईवर सिनेमा एका क्षणापुरताही ओरडत नाही. ती वाईट बाई नाहीच. गावाने तिच्या पोटात जी भीती घातली आहे ती सगळी तिच्या चेहऱ्यावर दिसते आणि आपल्याला तिचा राग धड करता येत नाही.

ह्याला १९९५ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सामाजिक विषयावरचा चित्रपट म्हणून पुरस्कार आहे. 'सामाजिक विषय' हे शीर्षक वाचून काकांसारखे लोक बघत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे :)

खडूस_काका

पाहिला आहे, आणि तो अपवाद म्हणून मान्य करतो. 'वास्तुपुरुष'सुद्धा. दोन झाले. खूश?

अवांतर: 'दोघी'त सदाशिव अमरापूरकर मामा आहेत. हिंदीवाल्यांनी त्या माणसाला निव्वळ डोळे वटारायला लावलं, इथे बघा.

रीळवाला

आता वितरणावर बोलू, कारण खरी रडकथा तिथे आहे.

'अस्तु' २०१३ सालचा. ६१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत संवादांसाठी सुमित्रा भावे आणि सहायक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष, असे दोन पुरस्कार. तरी सिनेमा थिएटरात नीट लागायला २०१६ उजाडलं, तेही लोकांकडून पैसे उभे करून. म्हणजे सिनेमा तयार, पुरस्कार हातात, आणि डबे घरात.

मधल्या काळात राज्य सरकारने काय केलं? एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना सांगितलं, मराठी सिनेमा संध्याकाळी ६ ते ९ दाखवा. गदारोळ झाला. मग ते दुपारी १२ ते रात्री ९ असं झालं. आता दुपारी १२ ला कोण जातं? निवृत्त लोक आणि कॉलेज बुडवणारे. नियम पाळला गेला, सिनेमा पडला, आणि वर 'मराठी प्रेक्षकच येत नाही' म्हणायला मोकळे.

'कासव'चं पण तेच. एप्रिल २०१७ मध्ये सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, जाहीर झालं. मराठीत हे त्याआधी फक्त 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' ह्यांना मिळालं होतं. बातम्या, सत्कार, सगळं एप्रिलमध्ये. सिनेमा लोकांपुढे आला ऑक्टोबरमध्ये. पुरस्काराच्या बातमीची धग सहा महिने टिकत नाही हो. आमच्या इथल्या मल्टिप्लेक्समध्ये सकाळचा एक खेळ होता. मी गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, पाच माणसं झाली तर लावू." शेवटी आम्ही बाहेर उभ्या असलेल्या एका कुटुंबाला पटवलं. त्यांना दुसराच सिनेमा बघायचा होता. पोरगं कासव दिसेल म्हणून तयार झालं!

सावली

हाहाहा, मग दिसलं का त्याला कासव?

रीळवाला

दिसली की, पिल्लं. पण त्यासाठी त्याला बराच धीर धरावा लागला. त्याच्या आईने मात्र मध्यंतरात बाहेर जायचं नाव काढलं नाही.

इंटरव्हल_नको

'कासव'बद्दल कुणीच धड लिहिलं नाही म्हणून लिहिते. मनगट कापून घेतलेला एक तरुण (आलोक राजवाडे) इस्पितळातून निसटतो, तापाने फणफणलेला रस्त्यात सापडतो, आणि जानकी (इरावती हर्षे) त्याला कोकणातल्या घरी घेऊन जाते. पुढे जवळपास काहीच घडत नाही. तो कोण, कुठला, असं का केलंस, हे कुणी खोदून विचारत नाही. जेवण ठेवलं जातं. तो जेवतो किंवा नाही. यदू ड्रायव्हर (किशोर कदम) कुरकुरतो, कारण अनोळखी पोराला घरात ठेवायचं म्हणजे उद्या पोलीस दारात. काका, हा घ्या तुमचा कंटाळलेला, संशयी, साधा माणूस.

दत्ताभाऊ कासवांच्या अंड्यांची राखण करतात. ऑलिव्ह रिडली मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते, बुजवते आणि निघून जाते, पुन्हा वळून बघत नाही. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं आपली आपण वर येतात आणि समुद्राकडे चालू लागतात. राखण करणाऱ्याचं काम कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि माणसांपासून जागा सांभाळण्याचं. पिल्लू उचलून पाण्यात टाकायचं नाही, त्याने स्वतः चालायचं. हे सिनेमात कुणी समजावून सांगायच्या आधीच आपल्याला त्या मुलाबद्दल कळतं. नंतर दोन-तीन वेळा तोंडाने सांगितलंय, ते नसतं तरी चाललं असतं. (इथे काकांना अर्धा गुण.)

खडूस_काका

अर्धा गुण स्वीकारला.

आडगावकर

'अस्तु'वर काकांनी जे म्हटलं त्याबद्दल एक. चन्नम्मा, म्हणजे ती हत्तीवाल्याची बायको, 'शिकवते' असं मला दिसलं नाही. संस्कृतचे मोठे पंडित चक्रपाणी शास्त्री, स्मृतिभ्रंश झालेला, मुलीच्या, इराच्या, गाडीतून उतरून हत्तीच्या मागे चालत जातात. ती बाई कानडी बोलणारी, पोटापाण्यासाठी हत्तीबरोबर गावोगाव फिरणारी. तिच्यापुढे एक म्हातारा येऊन बसतो आणि तिलाच आई समजतो. तिला अल्झायमर माहीत नाही, म्हणून ती घाबरत नाही. तिच्यासाठी तो आजारी पंडित नाहीच, भूक लागलेलं मोठं लेकरू आहे. तिकडे मुलीला सगळं माहीत आहे, औषधं, टप्पे, पुढे काय होणार ते. म्हणून ती थकलेली आहे. दोघीही बरोबर. माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या घरी ह्या दोन्ही प्रकारच्या बायका होत्या, एक माझी आई आणि दुसरी त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी. मावशींचं त्यांच्याशी जमायचं ह्याचा आईला त्रास व्हायचा, ते मी बघितलंय. सिनेमात इराच्या वाट्याला ते सगळं आलं आहे.

निवांत_प्रेक्षक

सुंदर लिहिलंत सर. आणि इथे मोहन आगाशेंचा मुद्दा येतो. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनीच चक्रपाणी शास्त्री उभे केले आणि नंतर हा सिनेमा घेऊन गावोगाव फिरले, डॉक्टरांच्या परिषदांत, महाविद्यालयांत, जिथे खुर्च्या आणि पडदा मिळेल तिथे. खेळानंतर तासभर गप्पा. थिएटरच्या आकड्यांत हे प्रेक्षक मोजलेच जात नाहीत. आपण 'चालला नाही' म्हणतो ते शुक्रवार ते गुरुवार ह्या हिशेबात.

कुमार_गंमतजंमत

सगळे गंभीर सिनेमेच का काढताय? 'एक कप च्या' (२००९) कुणालाच आठवत नाही? कोकणातला एसटी कंडक्टर, घरात दिवे ते किती, आणि वीजबिल आलंय भरमसाट. ऑफिसात गेलं तर आधी बिल भरा मग बोला. मग माहितीचा अधिकार. किशोर कदमांनी तो काशिनाथ असा केलाय की आपल्यालाच अर्ज लिहून द्यावासा वाटतो. माझ्या आत्येभावाने तो बघून खरोखर अर्ज टाकला होता, बिलाचा नव्हे, रस्त्याचा. उत्तर आलं. रस्ता नाही आला.

आणि 'घो मला असला हवा'. राधिका आपटे. हसा की जरा.

केतकी_

'दिठी'वर लिहून थांबते. दि. बा. मोकाशींची 'आता आमोद सुनासि आले' ही कथा आमच्या घरी सगळ्यांना जवळजवळ पाठ. सिनेमा येणार कळल्यावर धास्तीच वाटली होती. इतक्या छोट्या कथेचा सिनेमा म्हणजे पाणी घालणार.

रामजी लोहार. वर्षानुवर्षं वारी करणारा. तरणाताठा मुलगा पुरात गेला. घरात सून, बाळंतीण, आणि हा तिच्याकडे बघायला तयार नाही. बाहेर पाऊस. गावात एक गाय अडली आहे आणि वासरू सोडवायचा हात रामजीचाच. सगळं तिथे येऊन ठेपतं. किशोर कदमांच्या हातांकडे बघत राहा. आधी ते हात नुसते पडलेले असतात, लोहाराचे हात काहीच करत नाहीयेत हे बघवत नाही. गोठ्यात गेल्यावर त्यांना काय करायचं ते आठवतं, डोक्याच्या आधी. तिथे कुठलाही समंजस माणूस त्याला समजवायला नाही. वारकरी सोबत्यांनी आधी समजवून झालंय, त्याचा काही उपयोग झालेला नाही.

मे २०२१ मध्ये सोनी लिव्हवर आला. बाईंना जाऊन महिनाच झाला होता. दुसऱ्या लाटेत आम्ही सगळे घरात कोंडलेले, रोज कुणाच्या ना कुणाच्या जाण्याची बातमी. थिएटरात हा सिनेमा कसा वाटला असता मला कल्पना करता येत नाही. शेजारच्या खोलीत सासूबाई ऑक्सिजन मोजत होत्या आणि मी लॅपटॉपवर हे बघत होते.

ह्या सिनेमाला कुठली संस्था लागली नाही, कुठला प्रश्न मांडायचा नव्हता. फक्त एक कथा बाईंना करायचीच होती आणि आगाशेंनी ती होऊ दिली.

खडूस_काका

'दिठी' मी टाळला होता. मुलगा गेलेल्या बापाचा सिनेमा बघायची तेव्हा ताकद नव्हती, घरातलीच कारणं. आता बघतो.

निवांत_प्रेक्षक

काका, सवडीने बघा. घाई नाही.

पडद्यामागची

सुनील सुकथनकरांबद्दल अगदीच कमी बोललो आपण. गाणी बहुतेक त्यांची. 'संहिता'ला तर ६०व्या राष्ट्रीय पुरस्कारांत शैलेंद्र बर्वेंना संगीतासाठी आणि आरती अंकलीकर-टिकेकरांना गायनासाठी पुरस्कार मिळाले. दोघांनी मिळून दिग्दर्शन म्हणजे सेटवर नेमकं काय, हे सिनेमावाल्यांना कायम कोडं असतं. आमच्याकडे एका दिग्दर्शकाला दोन सहायक सांभाळता येत नाहीत. इथे वयात पिढीचं अंतर, एक समाजशास्त्रातून आलेली, दुसरा फिल्म इन्स्टिट्यूटमधून, आणि साडेतीन दशकं नाव जोडीने. ह्यावर स्वतंत्र धागा काढा कुणीतरी.

आडगावकर

एक कामाचं विचारतो. पुढच्या महिन्यात गावच्या वाचनालयात सिनेमा दाखवायचाय. प्रोजेक्टर आहे, हॉल आहे, पडदा म्हणजे भिंतच. प्रेक्षक मिश्र, बायका बऱ्याच येतील. कोणता लावू? परवानगीचं विचित्र निर्मितीला पत्र लिहून रीतसर विचारणार आहे.

रीळवाला

'दोघी'. पण नंतर चर्चेला वेळ ठेवा, लोक लगेच उठत नाहीत.

सावली

बायका येणार असतील तर 'चाकोरी' पण बघा. लहान आहे. टाकलेली बाई सायकल शिकते.

कुमार_गंमतजंमत

'एक कप च्या'!! वीजबिल सगळ्यांना येतं.

खडूस_काका

मास्तर, कुमारचं ऐका. गावकऱ्यांना पहिल्याच खेळाला रडवलंत तर दुसऱ्याला येणार नाहीत. 'दोघी' पुढच्या महिन्यात लावा. आणि त्या मागच्या बाकावरच्या पोराला पुढे बसवा.

आडगावकर

ठरलं मग, आधी 'एक कप च्या', मग 'दोघी'. चांगली प्रत कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्याकडे आहे ती व्हीसीडी, अर्ध्यात अडकते, नेमकी तो विजेच्या ऑफिसात पोचतो तिथेच.